सैन्यात अधिकारी व्हावे काय?

बारावीचा निकाल जवळ आला, की घरोघर मुलांच्या पुढील वाटेचा विचार सुरू होतो. डॉक्टर, इंजिनियर, बँक ही नावे घेऊन झाल्यावर एखादा मुलगा, आणि आता एखादी मुलगीही, म्हणते, “मला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे.” वडिलांची छाती फुगते, आईचा चेहरा उतरतो. आमच्या मते दोन्ही भावना खऱ्या आहेत. पण निर्णय करण्यास त्या पुऱ्या पडत नाहीत.

प्रथम वाट पाहू. बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. तेथे तीन वर्षे आणि भूदलासाठी पुढे डेहराडूनला एक वर्ष. १९५५ साली खडकवासल्यास सुरू झालेल्या या संस्थेत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. त्यांची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली. पदवीधरांसाठी निराळी परीक्षा आहे. लेखी परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. त्यानंतर निवड मंडळापुढे सुमारे पाच दिवस काढावे लागतात. तेथे पाठांतर चालत नाही. दोर, फळ्या आणि पिंपे देऊन एखादा अडथळा ओलांडायला सांगतात, तेव्हा कोण नुसता ओरडतो आणि कोण सगळ्यांना बरोबर नेतो, हे पाहिले जाते.

आता नोकरीचे स्वरूप. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती बहुधा सेवेची वर्षे आणि ठरलेल्या परीक्षा यांवर मिळते. कर्नलपासून वर निवड होते, आणि जागा थोड्या असतात. म्हणजे कर्तबगार माणसालाही मध्येच थांबावे लागते, व बहुतेकांना साठीच्या आतच निवृत्त व्हावे लागते. अल्पमुदतीची सेवा घेतली तर ती दहा वर्षांची, वाढवून चौदा. तिला निवृत्तिवेतन नाही. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलते, मुलांच्या शाळा बदलतात, आणि काही ठाण्यांवर कुटुंब नेताच येत नाही.

आणखी एक गोष्ट क्वचित बोलली जाते. घटनेच्या ३३ व्या कलमान्वये सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. १९५० च्या सेनादल कायद्यानुसार राजकीय सभा, संघटना, वृत्तपत्रांतील लेखन यांवर बंधने येतात. ज्याला प्रत्येक प्रश्नावर जाहीर मत मांडल्यावाचून चैन पडत नाही, त्याने याचा आधी विचार करावा.

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे. कारवारकडचे रामा राघोबा राणे १९४० मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि १९४७ च्या डिसेंबरात अधिकारी झाले. पुढल्याच एप्रिलमध्ये काश्मीरात नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग व अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे आले. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांची काही माणसे मारली गेली, ते स्वतःही जखमी झाले. तरी दिवसरात्र काम चालू ठेवून त्यांनी वाट मोकळी केली. त्यांना परमवीरचक्र मिळाले. आम्ही हे उदाहरण शौर्याच्या गौरवासाठी देत नाही. सोबतची माणसे पडल्यावर उरलेल्यांना पुन्हा सुरुंगांकडे न्यायचे, आणि स्वतः पुढे राहायचे, हे अधिकाऱ्याचे काम आहे. स्वतःचा प्राण देण्याची तयारी पुष्कळ तरुण बोलून दाखवतात; दुसऱ्यांचे प्राण आपल्या हुकुमावर अवलंबून आहेत, हे ओझे पेलण्याची तयारी मात्र फार थोडे जण तपासून पाहतात.

म्हणून आईबापांनी मुलाला नकार देण्याची घाई करू नये, तशीच मिरवण्याचीही करू नये. त्याला विचारावे : गणवेश उतरवून ठेवला, तरी हे काम तुला आवडेल काय? तुझ्याहून वयाने मोठ्या जवानाच्या सुखदुःखाची चौकशी तू रोज करशील काय? बढती थांबली तरी मन कडू होणार नाही ना? याची उत्तरे त्याने लगेच द्यावीत असे नाही. चार दिवस विचार करून मग होकार आला, तर त्याला निश्चिंत मनाने जाऊ द्यावे.