पाणी किती दिवस मारायचं?

बी.ई. सिव्हिल होऊन पुण्यातल्या एका साइटवर रुजू झाले, तेव्हा मुकादमांनी विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं?" मी ठसक्यात सांगितलं, "सात." कामांच्या वेळापत्रकावर, म्हणजे बारचार्टवरही तेच होतं. सिमेंटच्या गोणीवर काय छापलंय, ते मात्र मी पाहिलंच नव्हतं.

गोणीवर 'पीपीसी' होतं. म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेलं सिमेंट. ते सावकाश ताकद धरतं. साधं सिमेंट किमान ७ दिवस ओलं ठेवायचं, तर हे किमान १०. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत १४, असं भारतीय मानक सुचवतं. महिना एप्रिलचा होता. आठव्या दिवशी स्लॅबवरची ओली गोणपाटं उचलली गेली. पुढे स्लॅबवर भेगा आल्या. गंमत म्हणजे २८ दिवसांनी फोडलेले काँक्रीटचे ठोकळे झकास पास झाले. होणारच, ते सगळे दिवस प्रयोगशाळेच्या टाकीत बुडून होते. स्लॅबला टाकी कुठली?

कागदावर पास आणि उन्हात नापास, हा घोळ डोक्यातून जाईना. गेट परीक्षा देऊन एम.टेक.ला बांधकाम व्यवस्थापन घेतलं, मग त्यातच पीएच.डी. केली आणि आज तेच शिकवते. नातेवाईक विचारतात, "म्हणजे नक्की काय शिकवतेस?" मी सांगते: कुठलं काम कधी, कोणी, किती माणसांत करायचं आणि त्यात काय वाया जातं, ते मोजायला.

वाया जाण्याच्या या हिशेबात पर्यावरणही येतं. पर्यावरणपूरक बांधकाम म्हटलं की लोकांना गच्चीवरचे सौर पॅनेल दिसतात. मला गोणी दिसते. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत साधारण १,४५० अंशांवर भाजतात, तेव्हा कोळशाचा धूर निघतोच. पण त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द दगडातून सुटतो. म्हणून भाजलेल्या मालाचा काही वाटा काढून राख घालायची. पीपीसीत ती १५ ते ३५ टक्के असते. आता भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी घालून केलेलं सिमेंटही आलं आहे. त्यात भट्टीतला माल निम्म्यावर येतो. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आयआयटींमधल्या संशोधकांनी त्यावर काम केलं, २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानकही निघालं. पण पाणी चुकवलेला स्लॅब खरवडून पुन्हा गिलावा करावा लागला, तर वाचवलेलं सगळं राडारोड्यात जातं.

म्हणून माझ्या वर्गात पहिला गृहपाठ संगणकावरचा नसतो. साइटवर जा, एक स्लॅब निवडा, रोज जाऊन तो ओला आहे का ते हात लावून पाहा. यंदा एक विद्यार्थिनी चौथ्याच दिवशी परत आली. "मॅडम, स्लॅब कोरडा आहे. पाणी मारणाऱ्या काकांना खालच्या मजल्यावर विटा वाहायला लावलंय." मी तिला साइटचा बारचार्ट काढून बघायला सांगितला. सेंटरिंग, सळ्या, काँक्रीट, प्रत्येक ओळीसमोर माणसं लिहिलेली होती. 'पाणी मारणे' ही ओळच नव्हती.

तिने पेन्सिलने ती घातली: १४ दिवस, माणूस एक.