भाऊ कदम : दहा मिनिटांच्या भूमिकांवर उभी राहिलेली कारकीर्द

मुंबई : दूरचित्रवाणीवरील प्रहसन, म्हणजे आजच्या बोलीत ‘स्किट’, हा दिसायला सोपा आणि करायला अतिशय अवघड असा प्रकार आहे. नाटकातील नटाला आपली ओळख प्रस्थापित करण्यासाठी अख्खा पहिला अंक मिळतो. स्किटमधील नटाच्या वाट्याला प्रवेशानंतरचे मोजके क्षण येतात. तेवढ्यात पात्र उभे राहिले नाही, तर उरलेली आठ-दहा मिनिटे कोणीही वाचवू शकत नाही. शिवाय उभे केलेले पात्र पुढच्या आठवड्यात मोडायचे आणि नवे घडवायचे. गेल्या दीड दशकात या प्रकाराने मराठी घराघरांत पोहोचवलेल्या नटांमध्ये भालचंद्र ऊर्फ भाऊ कदम यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

कदम यांचे बालपण मुंबईतील वडाळ्यात गेले. वडिलांच्या निधनानंतर कुटुंबाची जबाबदारी अंगावर आली आणि बिऱ्हाड डोंबिवलीत हलले. तेथे त्यांनी पानाची टपरी चालवली, मतदारयाद्यांच्या नोंदणीसारखी मिळतील ती कामेही केली. रोजचा चरितार्थ आणि संध्याकाळची नाटकाची तालीम अशी ओढाताण मुंबईच्या हौशी रंगभूमीवरील असंख्य नटांच्या वाट्याला येते. त्यांतील बहुतेक जण तिशीपर्यंत नाटक सोडून देतात. कदम यांनी ते सोडले नाही. ‘जाऊ तिथे खाऊ’सारख्या नाटकांतून ते व्यावसायिक रंगभूमीवर स्थिरावले. मात्र ओळख मिळाली ती दूरचित्रवाणीमुळे, आणि तीही उशिराच.

‘झी मराठी’ वाहिनीवरील ‘फू बाई फू’ ही विनोदी प्रहसनांची स्पर्धा होती. तीत सहभागी होण्याचे निमंत्रण आले, तेव्हा त्यांनी आरंभी नकार दिला होता, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. मुळात लाजाळू स्वभाव, आणि समोर कॅमेरा. परंतु हाच संकोच पुढे त्यांच्या अभिनयाचे भांडवल ठरला. ही गोष्ट नीट समजून घेण्यासाठी मराठी विनोदी अभिनयाची जुनी रीत थोडी पाहावी लागते.

तमाशातील बतावणी हा मराठी प्रहसनाचा एक मूळ झरा. तेथील सोंगाड्या हजरजबाबी असतो. तो समोरच्याला शब्दांत पकडतो, कोंडीत गाठतो, प्रेक्षकांना आपल्या बाजूला ओढतो. दादा कोंडके यांनी हीच आक्रमक रीत रुपेरी पडद्यावर नेली. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर ‘गजरा’सारख्या कार्यक्रमाने छोट्या नाटुकल्यांना शहरी, मध्यमवर्गीय वळण दिले, तरी विनोद प्रामुख्याने शब्दांतूनच येत राहिला.

कदम यांची पद्धत याच्या नेमकी उलटी आहे. त्यांचे पात्र कोणावर हल्ला करत नाही; हल्ला त्याच्यावर होतो. समोरचा नट तावातावाने बोलत असतो आणि हे गृहस्थ अर्धवट समजल्यासारखे पाहत राहतात. उत्तर येते ते अर्धा क्षण उशिरा, खालच्या आवाजात, शेवटचे शब्द जवळजवळ गिळून. हशा वाक्याला मिळतोच. पण कित्येकदा तो वाक्याच्या आधीच्या थांब्यावर उसळतो. लेखकाने कागदावर लिहिलेला विनोद बरा असेल तर अशा नटाच्या हाती तो उत्तम होतो, आणि सुमार असेल तर निदान निभावून जातो. प्रत्येक आठवड्याला नवे लिखाण लागणाऱ्या कार्यक्रमात ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक मोलाची असते!

ऑगस्ट २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाले. निवेदन, लेखन आणि दिग्दर्शनाची धुरा डॉ. निलेश साबळे यांच्याकडे होती. ‘थुकरटवाडी’ या काल्पनिक गावात नवे मराठी चित्रपट आणि नाटके घेऊन कलाकार येत, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच कलाकृतींची विडंबने सादर होत. पुढे शाहरूख खान आणि सलमान खान यांच्यासारखे हिंदी तारेही या मंचावर आले. कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे, सागर कारंडे, श्रेया बुगडे आणि भाऊ कदम हा संच त्यातून प्रेक्षकांच्या नित्य परिचयाचा झाला. या संचातील कामाची वाटणी पाहण्याजोगी होती. बद्रिके धावपळ करून प्रसंगाला गती देत, गणेशपुरे वऱ्हाडी ठसक्यात त्याला फाटा फोडत, आणि सगळा गोंधळ अखेर कदम यांच्या निर्विकार चेहऱ्यावर येऊन आदळे.

या यशाची दुसरी बाजूही आहे. साप्ताहिक विनोदाची भूक मोठी असते आणि ती भागवताना हमखास उपाय पुन्हा पुन्हा वापरले जातात. साडी नेसलेला पुरुष हा त्यांतला सर्वांत झिजलेला उपाय. रंगावरून, शरीरयष्टीवरून केलेल्या कोट्याही तशाच. कदम यांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी भरपूर आल्या. त्यांच्यातील नटाला यापेक्षा अधिक काही करता येते, हे चित्रपटांनी दाखवले. रवी जाधव दिग्दर्शित ‘टाइमपास’ (२०१४) मधील दगडूचा रिक्षाचालक बाप हा हसवतो, पण हास्यास्पद होत नाही. जानेवारी २०१९ मधील ‘नशीबवान’ हा चित्रपट हिंदी कथाकार उदय प्रकाश यांच्या कथेवर आधारित होता. भिंतीमागे दडवलेला पैसा हाती लागलेल्या सफाई कामगाराची त्यातली भूमिका विनोदाच्या चौकटीत मावणारी नव्हती. त्यानंतर २०२१ अखेरीस आलेल्या ‘पांडू’मध्ये त्यांनी हवालदार रंगवला, दादा कोंडके यांच्या १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ची ती आठवण होती. आक्रमक सोंगाड्याची वर्दी एका संकोची नटाने अंगावर चढवावी, हा योग गमतीचाच म्हणायचा.

मार्च २०२४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ची जवळपास दहा वर्षांची वाटचाल थांबली. महिनाभरातच साबळे, कदम आणि ओंकार भोजने ‘कलर्स मराठी’वर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ घेऊन आले, परंतु तो कार्यक्रम फार काळ चालला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये ‘चला हवा येऊ द्या’चे नवे पर्व सुरू झाले, तेव्हा त्यात साबळे नव्हते आणि कदमही नव्हते. स्किटमधील नटाचे हे वास्तव फारसे बोलले जात नाही. मालिकेतील नट एका पात्राच्या नावाने वर्षानुवर्षे लक्षात राहतो, नाटकातील नटाच्या भूमिकेची संहिता छापून उरते. स्किटच्या नटाने केलेल्या शेकडो भूमिकांना मात्र नावेही उरत नाहीत. उरतो तो चेहरा आणि मोबाइलवर फिरणाऱ्या दोन-तीन मिनिटांच्या चित्रफिती.

दूरचित्रवाणीची कामे सुरू असतानाही कदम यांनी रंगभूमी सोडलेली नव्हती. राजेश देशपांडे लिखित-दिग्दर्शित ‘करून गेलो गाव’ या नाटकात भोजने यांच्यासह ते उभे राहिले. तेथे पात्राला दहा मिनिटे नाहीत, दोन अंक मिळतात.