चांदीचे पाणी : यंत्र सोपे, धंदा धोक्याचा

घरच्या घरी 'चांदीचे पाणी' तयार करणारे यंत्र बनवून विकावे काय, अशी विचारणा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचकांनी आमच्याकडे केली आहे. म्हणून या यंत्राची व धंद्याची दोन्ही बाजूंनी माहिती देत आहोत.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये शुद्ध चांदीच्या दोन तारा बुडवून त्यांना ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडल्या की धन तारेची चांदी पाण्यात उतरू लागते. अमेरिकेत अनेकांनी अशी यंत्रे घरी तयार केली. अडचण अशी की शुद्ध पाण्यातून सुरुवातीला वीज जेमतेम वाहते. चांदी मिसळली की पाण्याचा रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि वाढलेला प्रवाह आणखी चांदी सोडतो. शेवटी पाणी गढूळ होते आणि चांदी किती उतरली याचा हिशेब राहत नाही.

यावर उपाय म्हणजे स्थिर प्रवाह. 'एलएम ३३४' ही तीन पायांची आयसी व ६८ ओहमचा रेझिस्टर सर्किटमध्ये घातला की प्रवाह सुमारे १ मिलीअँपिअरपुढे जात नाही. फॅरेडेच्या नियमानुसार एवढा प्रवाह तासाला सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सोडतो. पाणी एक लिटर असेल तर लिटरला ४ मिलिग्रॅम, असा सरळ हिशेब.

येथवर काम कारागिराला आवडेल असेच आहे. पण यंत्र नेमके झाले म्हणून पाणी औषध होत नाही. चांदीयुक्त औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली केला. त्याच वर्षी माँटाना राज्यातील स्टॅन जोन्स हे घरी केलेले चांदीचे पाणी पिऊ लागले. २००२ साली ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांची कातडी निळसर-करडी झालेली होती. हा रंग सहसा परत जात नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने चांदीची रोजची मर्यादा किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ती ०.३ मिलिग्रॅम होते. वरील पाणी ७५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप प्याले की ती गाठलीच!

आपल्याकडेही परवान्याशिवाय औषध बनवून विकणे १९४० च्या औषध कायद्याने गुन्हा आहे. कॅन्सर, मधुमेह बरा होतो अशी जाहिरात केल्यास १९५४ चा कायदा आड येतो.

तेव्हा आमचा सल्ला असा की, हे पाणी विकू नये आणि पिऊही नये. स्थिर प्रवाहाचे सर्किट मात्र जरूर शिकावे. एलईडी दिवे व बॅटरी चार्जर यांत तेच तत्त्व वापरतात. त्या कामाला गिऱ्हाईक आहे, आणि त्यात कुणाच्या शरीराशी खेळ नाही.