ठासणीची बंदूक आणि घरची दारू

जिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग कापडाच्या चकतीत धरलेली शिशाची गोळी घालून ती गजाने तळापर्यंत ठासावी लागते, ती ठासणीची बंदूक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडतुसाच्या बंदुकीने सैन्यातली तिची जागा घेतली, तरी अमेरिकेत ती छंदाच्या रूपाने टिकली. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे नेमबाजीचे मेळावे इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी भरतात आणि अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम राखून ठेवलेला असतो. या छंदिष्टांपैकी काही जण बंदुकीबरोबर तिची काळी दारूही घरीच तयार करतात, आणि त्यांच्या अनुभवांतून या जुन्या पदार्थाचा स्वभाव जितका कळतो तितकाच त्याचा धोकाही.

घरच्या दारूकडे वळण्यामागे कुतूहल असते, तशीच टंचाईची भीतीही असते. अमेरिकेत काळी दारू मोठ्या प्रमाणावर बनवणारा गोएक्स हा लुइझियानातील कारखाना बंद करण्याचा निर्णय हॉजडन या मालक कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केला, तेव्हा दुकानांतले डबे भराभर संपले. पुढे २०२२ मध्ये एस्टीस या कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. पायरोडेक्ससारखे पर्याय बाजारात असतात, परंतु त्यांना पेट घेण्यासाठी काळ्या दारूपेक्षा अधिक तापमान लागते. त्यामुळे जिच्यात गारगोटी पोलादावर आपटून उडालेली ठिणगी आधी बाहेरच्या वाटीतील रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, आणि तिच्यामार्फत नळीतला बार पेटवते, त्या चकमकीच्या बंदुकीत हे पर्याय फारसे भरवशाचे ठरत नाहीत.

काळी दारू हे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण असून त्यात सुमारे तीन चतुर्थांश वाटा सोऱ्याचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा असतो. सोरा ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन पुरवतो, कोळसा हे इंधन, आणि गंधक स्वतः जळतोच, शिवाय मिश्रण कमी तापमानाला पेटेल अशी सोय करतो. यात गुपित असे काही उरलेले नाही. यांपैकी सोऱ्याचा भारताशी जुना संबंध आहे: बिहारमधील खारवट मातीतून नुनिया समाजाचे लोक तो काढत आणि डच व इंग्रज व्यापारी तो जहाजे भरून नेत. १८६१ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत दारूच्या गिरण्या चालवणाऱ्या ड्यू पाँ घराण्यातील लॅमो ड्यू पाँ याने उत्तरेकडील सरकारसाठी इंग्लंडमध्ये जाऊन हाच भारतीय सोरा खरेदी केला, तेव्हा उत्तरेच्या नौदलाने ट्रेंट हे ब्रिटिश जहाज अडवल्यावरून बिनसलेल्या ब्रिटिश सरकारने त्याची निर्यात रोखली आणि वाद मिटेपर्यंत माल सोडला नाही.

छंदिष्टांची खरी चर्चा मात्र कोळशाभोवती फिरते. सोरा आणि गंधक शुद्ध असले म्हणजे झाले, पण कोळसा हा निव्वळ कार्बन नसतो. लाकडातले हायड्रोजन, ऑक्सिजन आणि काही बाष्पशील द्रव्ये त्यात उरतात, आणि ती किती उरतील हे लाकडाच्या जातीवर व त्याला दिलेल्या उष्णतेवर ठरते. विलो आणि आल्डरसारखी हलकी लाकडे दारूवाल्यांनी पूर्वापार पसंत केली. स्वित्झर्लंडमधील ओबोन येथील प्रसिद्ध दारूसाठी बकथॉर्न या झुडपाचा कोळसा वापरला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रिचर्ड वॉटसन या रसायनशास्त्रज्ञ बिशपच्या सूचनेवरून उघड्या भट्टीऐवजी बंद लोखंडी नळकांड्यांत लाकूड तापवण्यास सुरुवात झाली, तेव्हा तीच कृती ठेवूनही दारूचा जोर लक्षणीय वाढला. मोजमाप तेच असूनही एका छंदिष्टाची दारू तडफदार आणि दुसऱ्याची मंद का, याचे उत्तर बहुधा येथेच असते.

दुसरा नित्याचा अनुभव काजळीचा. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन क्षारांच्या रूपाने उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुराच्या लोटाबरोबर बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो. काही बार उडाले की गोळी खाली जाईनाशी होते, गज अडतो आणि ओल्या चिंधीने नळी पुसल्याखेरीज पुढचा बार भरता येत नाही. कोरड्या हवेत हा थर कडक होतो, दमट हवेत तो ओलावा ओढून लोखंड गंजवतो, म्हणून त्याच दिवशी नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे अटळ असते. घरच्या दारूत दाण्यांचा आकार आणि घट्टपणा एकसारखा नसल्यामुळे काजळीही कधी कमी, कधी जास्त पडते.

यातच मापाची एक गफलत दडलेली आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू वजनाने नव्हे, तर पितळी नळीच्या मापाने भरली जाते. कारखान्यातील दारू जबर दाबाखाली घट्ट करून मग फोडलेली असते, घरची बहुधा भुसभुशीत. त्यामुळे तेच माप भरूनही तिचे वजन कमी भरते आणि गोळी मंद गेली की दोष मिश्रणावर ढकलला जातो. गोळीचा वेग मोजणारे क्रोनोग्राफ हे यंत्र हाती आल्यापासून असे अनेक समज ढासळले. वेग कमी असण्यापेक्षा तो दर बाराला बदलत राहणे हे नेमबाजाच्या दृष्टीने अधिक वाईट, आणि घरच्या दारूचा सर्वांत चिवट दोष हाच आहे.

धोक्याबाबत मात्र छंदिष्टांच्या अनुभवांवर भिस्त ठेवता येत नाही, कारण आपली हकीकत सांगतात ते बहुतेक हात शाबूत राहिलेले लोक. ज्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले त्यांनी काय गृहीत धरले होते हे डेलावेअरमधील ब्रँडीवाइन नदीकाठी १८०२ मध्ये वसलेल्या ड्यू पाँ यांच्या गिरण्यांच्या बांधणीतच दिसते: तीन बाजूंना जाड दगडी भिंती, छप्पर हलके आणि नदीकडची चौथी बाजू कच्ची, म्हणजे स्फोट झालाच तर त्याचा झोत पाण्याकडे निघून जावा. स्फोट होणार हे धरूनच उभारलेल्या त्या कारखान्यांतही अनेकदा माणसे दगावली. घराच्या पडवीत वा गॅरेजात तर तेवढीही तरतूद नसते, आणि ठिणगी, घर्षण किंवा अंगावरच्या कपड्यांतील स्थिर वीज यांपैकी एकही कारण पुरते. तयार दारू हाताळतानाही डब्यातून थेट नळीत ओतू नये हा जुना नियम आहे, कारण आधीच्या बाराची धुमसती ठिणगी तळाशी उरलेली असू शकते आणि मग पेटते ते हातातल्या डब्यासकट.

कायद्याची रेषाही याच ठिकाणी पडते. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याने जुन्या धर्तीच्या बंदुकींसाठी ५० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेबावीस किलो काळ्या दारूला स्फोटकांच्या कडक नियमांतून जी सूट दिली आहे ती व्यापारी कारखान्यात बनलेल्या दारूपुरती आहे. घरच्या दारूला ती लागू होत नाही, शिवाय राज्यांचे आणि गावांचे नियम वेगळे. भारतात बंदुकीसाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आणि स्फोटके बनवण्यासाठी १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली परवाना लागतो. कोकणात रानडुकरे व माकडे यांच्यापासून पिके राखण्यासाठी शेतकऱ्यांकडे आजही परवान्याची ठासणीची बंदूक आढळते. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, दारू बनवण्याचा नव्हे.