आज्ञारेषेवरील ध्वनिसंश्लेषण : संगीतरचनेसाठी प्रणालीची निवड

प्रस्तावना :
संगणकीय संगीत म्हटले की पडद्यावरील कळपट्टी व रंगीत चित्रे डोळ्यांसमोर येतात. तथापि या शाखेचा आरंभ लिखित आज्ञांनी झाला. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी ‘म्यूझिक’ ही आज्ञावली लिहून संगणकाकडून स्वर वाजवून घेतले. त्याच परंपरेतील तीन मुक्त प्रणालींपैकी कोणती निवडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रणालींचा परिचय :
१) सी-साउंड : बॅरी व्हर्को यांनी ही प्रणाली एमआयटी येथे १९८६ मध्ये सी भाषेत सिद्ध केली. तिच्यातील ‘ऑर्केस्ट्रा’ या भागात वाद्याचे वर्णन असते, तर ‘स्कोअर’ या भागात कोणता स्वर केव्हा व किती काळ वाजावा याची नोंद असते. पूर्वनियोजित रचनेस ती विशेष अनुकूल आहे.
२) सुपरकोलायडर : जेम्स मॅकार्टनी यांची ही प्रणाली १९९६ मध्ये प्रकाशित झाली व २००२ मध्ये मुक्त झाली. ध्वनी निर्माण करणारा सर्व्हर आणि त्यास आज्ञा देणारी भाषा येथे स्वतंत्र असल्याने वादन चालू असतानाच बदल करता येतात.
३) चक : गे वांग व पेरी कुक यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात विकसित केलेली ही भाषा २००३ मध्ये पुढे आली. काळ किती पुढे न्यावा हे रचनाकार आज्ञेनेच ठरवितो. त्यामुळे लयीचे प्रयोग सुलभ होतात.

निवडीचा निकष :
आपल्या संगीत विभागांच्या दृष्टीने खरा प्रश्न स्वरस्थानाचा आहे. षड्ज २४० हर्ट्झ मानल्यास ५:४ या प्रमाणाने शुद्ध गांधार ३०० हर्ट्झ येतो. बारा समान भागांच्या सप्तकात मात्र तो सुमारे ३०२.४ हर्ट्झ होतो. हा गांधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गांधाराशी मिळत नाही. कळपट्टीवर आधारलेली बहुतेक साधने समान भागांचे सप्तकच गृहीत धरतात. उपरोक्त तिन्ही प्रणालींत कंपनसंख्या थेट अंकात लिहिता येत असल्याने स्वर कोणता, हे यंत्र नव्हे तर अभ्यासक ठरवितो.

निष्कर्ष :
स्वरांतरांचा अभ्यास व लिखित रचना यांसाठी सी-साउंड, प्रत्यक्ष मंचीय प्रयोगासाठी सुपरकोलायडर आणि प्रारंभिक अध्यापनासाठी चक, अशी निवड उचित ठरेल. तिन्हींतील रचना साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन होते. परिणामी ती वाचता, तपासता व सुधारता येते. आणि अध्यापनात ऐकण्याइतकेच तपासण्यालाही महत्त्व आहे.