डांगी बैल आणि डास

आम्ही राजूरकडची माणसे डांगी बैलाचे कौतुक करतो. त्याची कातडी तेलकट. धो धो पाऊस अंगावरून निथळून जातो. पण डासाची सोंड त्याच कातडीत शिरते! लंपी रोग असाच पसरतो. आजारी जनावराला चावलेले डास, माशा, गोचिड्या रोगाचे विषाणू निरोगी जनावराच्या अंगात नेऊन सोडतात. मग ताप येतो, अंगभर गाठी उठतात, गाईचे दूध आटते. काही जनावरे दगावतात.

२०२२ साली हा रोग महाराष्ट्रभर पसरला. गुरांचे बाजार बंद पडले. तेव्हा गाईबैलांना शेळीच्या देवीची लस टोचली. शेळीची लस गाईला कशी चालते? दोन्ही रोगांचे विषाणू चुलतभाऊच आहेत. लस मात्र गाठी येण्याआधीच टोचून घ्यावी. आजारी जनावर वेगळे बांधावे, गोठ्यात मूत साचू देऊ नये. माणसाला हा रोग होत नाही. दूध उकळून खुशाल प्यावे.