रात्रीची पायवाट

खेडेगावात रात्री एकट्याने चालण्यात कसले भय, असे विचारले तर उत्तरादाखल भुताखेतांची, चोरांची किंवा लांडग्यांची नावे आधी पुढे येतात. पावसाळ्यात बांधावरून घरी परतणाऱ्या माणसाचा खरा वैरी मात्र त्याच्या पायाशी असतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते.

जुन्या माणसांनी या संकटावर घुंगुरकाठीचा उपाय योजला होता. सापाला बाह्यकर्ण नसतो. हवेतून येणारा नाद त्याला फारसा उमगत नाही. जमिनीची थरथर मात्र जबड्याच्या हाडांतून त्याच्या अंतःकर्णापर्यंत पोचते. तेव्हा सापाला सूचना देते ती काठी, घुंगरे नव्हेत. घुंगरांमुळे समोरून येणाऱ्या माणसाला चाहूल लागते, हेही काही थोडे नव्हे.

परंतु केवळ काठीवर विसंबणे धोक्याचे आहे. हादरा जाणवताच नाग किंवा धामण बहुधा वाट सोडते. घोणस आणि फुरसे यांची रीत निराळी. मातीत, पाचोळ्यात मिसळून जाणाऱ्या अंगरंगाच्या भरवशावर ही दोन्ही जागच्या जागी पडून राहतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावरचे फुरसे तर इतके लहान, की दिवसाही नजरेतून सुटावे. राजस्थानच्या वाळूत त्याचेच थोराड भाऊबंद आढळतात. डिवचले असता फुरसे खवल्यांवर खवले घासून करवतीसारखा आवाज करते खरे, पण तोवर पाऊल पडलेले असते.

म्हणून काठीच्या जोडीला उजेड हवा, आणि तो दोनतीन पावलांपुढच्या जमिनीवर हवा. पुष्कळ जण बॅटरीचा झोत दूरवर फेकतात आणि पाय अंधारातच टाकतात. मोबाईल कानाला लावून चालणाऱ्याचा उजेड तर वाटेला कधी लाभतच नाही! आडवा ओंडका ओलांडण्यापूर्वी त्याच्या पलीकडे काय आहे ते पाहावे. पायांत अंगठ्याच्या चपलांऐवजी घोटा झाकणारे बूट असावेत, कारण चालणाऱ्याला दंश होतो तो बहुधा पावलावर वा पोटरीवर.

इतके करूनही दंश झालाच, तर घट्ट दोरी आवळणे, चिरा देणे, रक्त चोखणे हे सारे अपायकारकच ठरते. पाय फळीला सैलसर बांधून, रोग्याला चालू न देता रुग्णालयात न्यावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. त्यामुळे काही झाले नाही अशा समजुतीने घरी झोपू नये. साप मारून बरोबर नेण्यात वेळ दवडण्याचेही कारण नाही. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रच बनविलेले असते.